उपाशी गाडी

आमच्या घरात अजून एक मारुती 800 आहे. 1996 ची, पांढरी, कार्बोरेटरवाली. 1999 साली अब्बांनी ती तीन वर्षं वापरलेली घेतली, तेव्हा मोहल्ल्यातली मुलं तिच्याभोवती गोळा झाली होती. आता तीच मुलं मोठी झालीत, त्यांच्या दारात तिच्या दुप्पट लांबीच्या गाड्या उभ्या असतात आणि ती आम्हाला विचारतात, अजून ठेवलीय? आम्ही हसतो. या हसण्यामागे 2025 च्या पावसाळ्यापासून जी लाज साचली होती, ती इथं लिहून टाकायची आहे.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. थोरला मिरजेच्या एका शाळेत मराठी शिकवतो, धाकटा अब्बांचं गॅरेज बघतो. लिहायचं काम थोरल्याकडे, पान्याचं काम धाकट्याकडे, अशी वाटणी आहे. पण या गोष्टीत जे चुकलं ते दोघांचं मिळून चुकलं, म्हणून ‘आम्ही’.

अब्बांचं अर्धं आयुष्य मुंबईत टॅक्सी दुरुस्त करण्यात गेलं. कुर्ल्याला एका गॅरेजात ते पद्मिनी टॅक्सींचं इंजिन बांधायचे. 1993 साली ते आम्हाला घेऊन मिरजेला परत आले. का आले ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. साल तेवढं लक्षात आहे. इथं रस्त्याकडेला पत्र्याचं शेड टाकलं आणि गॅरेज सुरू केलं. बोर्ड रंगवायला पैसे नव्हते, म्हणून जुन्या टायरवर चुन्यानं नाव लिहिलं होतं.

मिरजेत गॅरेजवाल्याला एक फायदा असतो. हे सतारी-तंबोऱ्यांचं गाव. संध्याकाळी काम संपलं की अब्बा तंतुवाद्यं करणाऱ्या एका ओळखीच्या दुकानात जाऊन बसायचे. तिथं जवारी लावणं चाललेलं असायचं. तारेखाली एक बारीक दोरा सरकवायचा, थोडा पुढं, थोडा मागं, की अचानक सूर उमलतो. अब्बांना गाण्यातलं फारसं कळत नव्हतं, पण ते म्हणायचे, आमचाही धंदा हाच, कानाचा. गाडी रस्त्यावरून गेली की ते चहाचा कप खाली न ठेवता सांगायचे, तिसरा सिलिंडर मारत नाही. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. जेव्हा निघायचं नाही, तेव्हा ते दुसऱ्या दिवशी त्या ड्रायव्हरला बोलावून पुन्हा ऐकायचे.

आता त्यांना ऐकू येत नाही. शहात्तरावं चालू आहे. चाळीस-पन्नास वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये इंजिनं रेस केली, त्याचं काहीतरी होणारच. मशीन घेऊन दिलं, तर चार दिवस लावलं आणि कपाटात ठेवलं. म्हणाले, सगळं एकाच मापानं ऐकवतं, भांडंही आणि माणूसही.

2025 च्या जून महिन्यात गाडीनं कुरकूर सुरू केली. सकाळी सुरू व्हायला वेळ लागायचा. चोक ओढला की चालायची, चोक आत सारला की धडपडून बंद पडायची. चांगली तापल्यावर चालायची, पण स्लोवर इंजिन कधी वर, कधी खाली, झोक्यावर बसल्यासारखं. सिग्नलवरून निघताना पाय दाबला की क्षणभर काहीच व्हायचं नाही, मग एक गचका आणि मग गाडी पुढं. कधीकधी बॉनेटखालून ‘फट्’ असा आवाज. सायलेन्सरमधून नव्हे, पुढून, कार्बोरेटरच्या तोंडातून.

ज्याला गाड्यांची माहिती आहे तो इथंच ओळखेल. आम्ही ओळखलं नाही. त्याचं कारण पीयूसी.

गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण 2026 मध्ये होतं. पंधरा वर्षं झाल्यावर खासगी गाडीला दर पाच वर्षांनी ते करावं लागतं. म्हणून धाकट्यानं आधीच पीयूसी करून बघितली. नापास. सीओ अगदी कमी, एचसी मर्यादेच्या बरंच वर. मशीनवरच्या पोऱ्यानं ऐटीत सांगितलं, पेट्रोल जास्त जातंय, कमी करा. सायलेन्सरला नाक लावलं तर खरंच कच्च्या पेट्रोलचा वास येत होता. धाकट्यानं मिक्स्चरचा स्क्रू अर्धा फेरा आत फिरवला, म्हणजे पेट्रोल आणखी कमी केलं. स्लो पडू लागला म्हणून दुसरा स्क्रू फिरवून रेस वाढवून ठेवली.

इथं जरा थांबून सांगायला हवं, कारण ही चूक आमच्या एकट्याची नाही. रोज कुठं ना कुठं होते. सीओ म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल. पेट्रोल जास्त आणि हवा कमी असली की सीओ वाढतो. एचसी म्हणजे न जळता तसंच बाहेर पडलेलं पेट्रोल. ते दोन रस्त्यांनी बाहेर पडतं. एक तर पेट्रोल इतकं जास्त की सगळं जळतच नाही. किंवा पेट्रोल इतकं कमी की ठिणगी पडूनही आग पसरत नाही, आणि तो सगळा घोट जसाच्या तसा सायलेन्सरमध्ये जातो. पहिल्या रस्त्यात सीओही वाढलेला दिसतो. दुसऱ्यात सीओ कमी आणि एचसी तेवढा वर. आमच्या कागदावर दुसरा रस्ता छापून आला होता आणि आम्ही पहिला वाचला. उपाशी माणसाच्या तोंडाला वास येतो म्हणून त्याला अपचन झालंय असं समजून लंघन करायला लावण्यातला हा प्रकार.

मग जे सगळेच करतात ते आम्ही केलं. प्लग बदलले. जुने प्लग काढले तेव्हा त्यांची चिनीमाती खडूसारखी पांढरी होती. व्यवस्थित चाललेल्या इंजिनचा प्लग फिकट तपकिरी, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा असतो, हे अब्बांनी आम्हाला लहानपणी दाखवलेलं. पण हल्लीच्या पेट्रोलवर प्लगचा रंग पूर्वीसारखा येतच नाही अशी धाकट्याची समजूत, आणि ती थोडी खरीही आहे. शिसं असलेलं पेट्रोल 2000 सालीच बंद झालं, तेव्हापासून प्लग एकूणच फिकट निघतात. तेव्हा पांढरा रंग बघूनही आम्ही बघितला नाही. केबल बदलल्या. डिस्ट्रिब्यूटरची कॅप बदलली. टायमिंग बघितलं. घरची गाडी म्हणून मजुरी नव्हती, तरी सामानाला चार हजार गेले.

ऑगस्टमध्ये अब्बांना कोल्हापूरला एका नातेवाइकाच्या जनाजाला जायचं होतं. त्यांनी याच गाडीतून जायचा हट्ट धरला. अंकलीचा पूल ओलांडला आणि थोड्याच अंतरावर गाडीचा काटा लाल पट्ट्यात गेला. पाणी भरपूर होतं, पंखा चालू होता. आम्ही कडेला थांबलो. अब्बा मागच्या सीटवर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. एक रिकामा टेंपो मिळाला, त्यातून ते गेले. पोहोचेपर्यंत मिट्टी होऊन गेली होती. परत आल्यावर ते काही बोलले नाहीत. जेवले, झोपले.

त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवलं की गाडी भंगारात द्यायची. भंगारवाल्यानं बावीस हजार सांगितले. अब्बांना काय सांगायचं तेही ठरलं: या गाडीचे पार्ट आता मिळत नाहीत. हे खोटं होतं. मारुती 800 चं सामान मिरजेत किराणा दुकानासारखं मिळतं. पण खरं बोलायचं तर मोठ्यानं बोलावं लागायचं, एकेक वाक्य तीन-तीनदा, शेजारच्या घरात ऐकू जाईल असं. जून ते ऑगस्ट, तीन महिने आम्ही अब्बांशी या गाडीच्या दुखण्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो, तो एवढ्यासाठीच. ज्या माणसानं आम्हाला पाना धरायला शिकवला, त्याला विचारायचा आम्हाला कंटाळा आला होता. ही ती लाज.

अम्मीनं त्यांना सांगितलं. अम्मी कशी सांगते देव जाणे, ती आवाज चढवत नाही. समोर बसते, तोंडाकडे बघायला लावते आणि सांगते. सकाळी अब्बा बाहेर आले. आम्ही वाट बघत होतो की आता रागावतील. ते म्हणाले, ‘‘चोक खींच के देखे क्या?’’

धाकटा म्हणाला, सकाळी सुरू करताना ओढतोच की.

‘‘सुबह का नै. गरम इंजिन पे.’’

गाडी सुरू केली, दहा मिनिटं तापवली. स्लोवर नेहमीसारखी झोके घेत होती. अब्बांनी दार उघडून आत हात घातला आणि चोकची घुंडी अर्धी बाहेर ओढली. इंजिन स्थिर झालं. तीन सिलिंडरचं इंजिन जेवढं स्थिर होऊ शकतं तेवढं. घुंडी आत सारली, पुन्हा झोके. अब्बांना आवाज येत नव्हता. त्यांनी दुसऱ्या हाताचा पंजा दरवाजाच्या खांबावर ठेवला होता, त्यावरून ते बघत होते.

‘‘गाडी बीमार नै,’’ ते म्हणाले. ‘‘भूकी है.’’

चोक म्हणजे हवेचा रस्ता अडवणं. तापलेल्या इंजिनला चोक नको असतो; ओढला तर पेट्रोल जास्त होऊन ते गुदमरायला हवं, काळा धूर यायला हवा. उलट ते सुधारलं, म्हणजे त्याला पेट्रोल कमी पडत होतं किंवा हवा जास्त होत होती. एका किलो पेट्रोलला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. तेवढ्यात ते पूर्ण जळतं. हवा त्याच्या फार वर गेली की मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण सावकाश जळतं. इतकं सावकाश की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला तरी आग चालूच असते, व्हॉल्व्ह भाजत राहतो. कधी त्याच्याही पुढं, इनटेक व्हॉल्व्ह उघडेपर्यंत आग धुमसते आणि आत येणाऱ्या ताज्या मिश्रणाला जाऊन भिडते. तोच तो ‘फट्’. आणि तीच ती अंकलीच्या पुलापलीकडची गरमी. रेडिएटर बिचारा निर्दोष होता. आणखी महिनाभर तशीच चालवली असती तर व्हॉल्व्ह जळाला असता आणि मग आमचं भंगाराचं म्हणणं आपोआप खरं ठरलं असतं.

एका घुंडीचं काम होतं. तीन महिने, चार हजार रुपये आणि एक जनाजा.

अब्बा त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी गॅरेजवर आले. प्लॅस्टिकची खुर्ची गाडीच्या पुढं ठेवून बसले. हवा कुठून शिरते ते आधी शोधायचं ठरलं. कार्बोरेटरमधून जाणारी हवा मोजून जाते, पेट्रोल घेऊन जाते. त्याच्या खाली, मॅनिफोल्डमध्ये कुठून फट पडली तर तिथून फुकटची हवा आत जाते आणि पेट्रोल आणत नाही. आमच्या धंद्यात म्हणतात, गाडी हवा पकडते. बरेच लोक अशा वेळी सांध्यांवर पेट्रोल शिंपडतात. इंजिनचा आवाज बदलला की तिथं फट. गरम इंजिनवर पेट्रोल शिंपडणं म्हणजे स्वतःच्या दाढीला काडी लावणं. अब्बांनी आयुष्यभर पाणी वापरलं. मिरज दवाखान्यांचं गाव असल्यामुळे सिरिंज कुठंही मिळते. धाकट्यानं सिरिंजमध्ये पाणी भरलं आणि थेंब थेंब सोडत गेला. कार्बोरेटरच्या बुडाला, मॅनिफोल्डच्या गॅस्केटला. अब्बा मडगार्डवर पंजा टेकून डोळे मिटून बसले होते. आम्हाला आवाजात काहीच फरक कळत नव्हता. एके ठिकाणी त्यांनी बोट वर केलं. पुन्हा सोडायला लावलं. पुन्हा बोट.

‘‘गॅस्केट नै. बाजू की नली.’’

मॅनिफोल्डवर येणारी एक बोटाएवढी रबरी नळी. वरून काळी, चकचकीत, नव्यासारखी. धाकट्यानं पकडीच्या तोंडाला फडकं गुंडाळून ती चिमटून धरली, तसं इंजिन शांत झालं. काढून उलटी केली तर खालच्या बाजूला, जिथं डोळा कधी जात नाही तिथं, नखभर लांब चीर. एकोणतीस वर्षं उष्णतेत शिजलेलं रबर. बोटानं वाकवलं तर बिस्किटासारखं तुटलं. नव्या नळीला साठ रुपये.

आमच्या दृष्टीनं काम संपलं होतं. स्लो छान झाला, सकाळी गाडी पटकन सुरू झाली. पण रेल्वेच्या पुलाचा चढ आला की पुन्हा तेच. पाय दाबला की गाडी मागं ओढल्यासारखी. आम्हाला वाटलं, जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच. अब्बांनी चढावर पुन्हा चोक थोडा ओढायला सांगितला. गाडी उचलली.

तेव्हा ते जे बोलले ते धाकट्यानं आता गॅरेजच्या पत्र्यावर खडूनं लिहून ठेवलंय: ‘‘स्लो पे मरी तो हवा, रेस पे मरी तो पेट्रोल.’’

याचा अर्थ असा. चोरून शिरणारी हवा थोडी असते. स्लोवर इंजिन मुळातच घोटभर हवा घेत असतं, त्यात ही थोडीही मोठी ठरते. रेसवर इंजिन बादलीनं हवा ओढतं, तिथं तिचा हिशोब लागत नाही. उलट पेट्रोलचा रस्ता कुठं अरुंद झाला असेल तर स्लोवर ते जाणवत नाही, कारण तेव्हा मागणीच कमी; चढावर, वेगावर मागणी वाढली की तो रस्ता अपुरा पडतो.

धाकटा हे ऐकून गप्प झाला. त्याच्याकडे स्कॅनर आहे. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर स्वतः पेट्रोल कमी-जास्त करून मिश्रण जागेवर ठेवतो आणि किती टक्के वाढवलं ते स्कॅनरवर दिसतं. फार वाढवावं लागलं की दिवा पेटवतो आणि P0171 असा कोड देतो, म्हणजे मिश्रण पातळ. कोड आला की पुष्कळ जण थेट ऑक्सिजन सेन्सर बदलतात. सेन्सर बिचारा खरं बोललेला असतो, त्यालाच शिक्षा. बघायचं असतं ते हे की टक्केवारी स्लोवर जास्त आहे आणि रेसवर कमी होते, की रेसवर आणि ओझ्यावर वाढत जाते. पहिलं असेल तर नळ्या बघ, दुसरं असेल तर पंप आणि फिल्टर बघ. हे धाकट्यानं पुण्याला जाऊन, फी भरून, तीन दिवसांच्या वर्गात शिकलेलं. तेच अब्बा खुर्चीत बसून, पंजा मडगार्डवर ठेवून सांगत होते.

आता पेट्रोलचा रस्ता. फिल्टर बदलला. पंपाची नळी काढून बाटलीत सोडली, स्टार्टर मारला. बाटली ठणठणीत भरत होती. टाकीत घाण नव्हती. चहाच्या टपरीवर तोवर सभा भरली होती आणि निकाल लागला होता: इथेनॉल. हल्ली कुठल्याही गाडीला काहीही झालं तरी निकाल हाच लागतो. आमच्या मते तो अर्धा खरा आहे. 2025 साली देशभरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत पोचलं. इथेनॉलच्या पोटात ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते. वीस टक्के मिसळलेल्या पेट्रोलला एका किलोमागे साधारण साडेतेरा किलो हवा पुरते. नवी गाडी ते ओळखते आणि पेट्रोल वाढवते. कार्बोरेटरला डोळे नाहीत. तो 1996 च्या मापानं देत राहतो, म्हणजे मिश्रण आपोआप सात-आठ टक्के पातळ होतं. शिवाय जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. ज्या उसाच्या फडांतून आमची एसटी जाते, ज्याच्या ट्रॉल्यांमागं हिवाळाभर आम्ही रखडतो, त्याच उसाच्या रसाचा आणि मळीचा अंश आमच्या टाकीत येऊन आमच्या गाडीला उपाशी ठेवत होता, हे थोरल्याला फार गमतीचं वाटलं. त्यानं शाळेत सांगितलंसुद्धा. पण सात-आठ टक्क्यांनी गाडी चढावर एवढी मरत नाही. रोज रस्त्यावर दुसऱ्या जुन्या आठशे त्याच पेट्रोलवर चालतात. आणखी काहीतरी होतं.

उरला कार्बोरेटर.

या गाडीच्या कार्बोरेटरला हात लावायचा नाही, असा अब्बांचा नियम होता. बाकी सगळं आम्ही खोललं, इंजिन उतरवलं, क्लच टाकला; कार्बोरेटर ते स्वतः साफ करायचे, तेही जुम्म्याला गॅरेज बंद असताना. आम्हाला वाटायचं, उस्तादाची ऐट. बरेच उस्ताद असा एक पत्ता हातात राखून ठेवतात.

त्यांनी पाना हातात घेतला. हात थरथरत होता, स्क्रूच्या खाचेत पेचकस बसत नव्हता. दोनदा निसटला. मग त्यांनी तो धाकट्याच्या पुढं धरला आणि तोंड दुसरीकडे केलं. आम्हाला वाटलं, म्हातारपणाची लाज.

झाकण काढलं. फ्लोटची उंची बरोबर होती. मेन जेट काढून धाकट्यानं उजेडात धरला. जेट म्हणजे पितळेचा एक लहानसा स्क्रू, मधोमध केसाएवढं भोक. त्या भोकातूनच गाडीचं सगळं पेट्रोल जातं. भोक गोल दिसायला हवं. हे चंद्रकोरीसारखं दिसत होतं. त्यात तांब्याचा एक बारीक धागा होता, वायरीतला, एकच, दोन्ही टोकांना वाकवून बसवलेला. कचरा चुकून असा बसत नाही.

ही जुनी गॅरेजची युक्ती आहे. पेट्रोल महाग झालं की गिऱ्हाईक यायचे, मायलेज वाढवून द्या म्हणायचे. जेटमध्ये तार घातली की भोक अरुंद, पेट्रोल कमी, मायलेज दोन-तीन किलोमीटरनं जास्त. पिकअप मरतो, इंजिन गरम चालतं, पाच-सात वर्षांनी व्हॉल्व्ह जातात. अब्बा असल्या गिऱ्हाइकांना हाकलून द्यायचे. आमच्यासमोर त्यांनी एका जीपवाल्याला सांगितलेलं आम्हाला आठवतं, बैलाला कमी चारून नांगर ओढवायचा का? धाकटा आयटीआयला असताना त्यानं हौसेनं एका गाडीत अशी तार घातली होती, तर अब्बांनी चार माणसांत त्याच्या कानफटात दिली होती.

आम्ही जेट त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी चष्मा वर करून तो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितला.

‘‘उस वक्त जरूरत थी,’’ एवढंच म्हणाले.

कुठल्या वक्ताला, हे आम्ही हिशोब करून काढलं. 2004. थोरल्याला बी.एड.ला प्रवेश मिळाला होता आणि फीचे पैसे नव्हते. त्या वर्षापासून दोन-अडीच वर्षं अब्बा सकाळी साडेसहाला या गाडीत शाळेची मुलं भरून सोडायला जायचे. आठ-आठ मुलं, दप्तरं, पाण्याच्या बाटल्या. मग येऊन नऊला गॅरेज उघडायचे, दुपारी पुन्हा मुलं आणायला. महिन्याचे पैसे पालकांकडून ठरलेले, पेट्रोल वाढेल तसे वाढत नव्हते. तेव्हा किलोमीटरमागं वाचलेला प्रत्येक घोट फीमध्ये जात होता. त्या फीवर थोरला शिक्षक झाला आणि शाळेत इथेनॉलची गंमत सांगतो.

तार का काढली नाही, मुलं बंद झाल्यावर? हे आम्ही विचारलं नाही. कदाचित सवय झाली असेल. कदाचित नंतर धाकट्याचं लग्न होतं. नियम मात्र तसाच राहिला. एकवीस वर्षं गाडी थोडी उपाशी चालत होती आणि चालत होती. साध्या पेट्रोलवर तेवढं भागत होतं. मग त्यावर इथेनॉल आलं, त्यावर नळी चिरली, आणि वरून आम्ही स्क्रू आत फिरवला. चारही गोष्टी एकाच दिशेच्या.

धाकट्यानं तार ओढून काढली. जेट हवा मारून बसवला. मिक्स्चरचा स्क्रू, जो आम्ही आत घातला होता, तो बाहेर काढून जागेवर आणला. पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या टाकल्या. इथेनॉलपुरता जेट थोडा मोठा करावा असं धाकट्याचं म्हणणं होतं, त्यानं बारीक ड्रिलही काढलं. अब्बांनी हातानं नको म्हटलं. जेटला बोट लावून झालं तेवढं पुरे, असा चेहरा होता. आम्ही स्क्रू आणखी पाव फेरा बाहेर काढून भागवलं. पिकअप नव्या गाडीसारखा नाही, पण पुलाचा चढ तिसऱ्यावर चढते. काटा मधल्या रेषेच्या खाली राहतो. महिन्याभरानं प्लग काढले. खडूचा पांढरेपणा गेला होता, कडेनं फिकट बदामी रंग धरला होता.

पीयूसीला धाकटा दुसऱ्या ठिकाणी गेला नाही, त्याच मशीनवर गेला. एचसी मर्यादेच्या पुष्कळ खाली, सीओ पूर्वीपेक्षा वाढलेला पण हद्दीत. पोऱ्यानं विचारलं, पेट्रोल किती कमी केलंत? धाकटा म्हणाला, वाढवलं. पोऱ्याला ते पटलं नाही. 2026 मध्ये गाडीचं नूतनीकरण झालं, पुढच्या पाच वर्षांसाठी. भंगारवाल्याचा दोनदा फोन आला, त्याला चहाला बोलावलं.

अब्बा आता आठवड्यातून दोन-तीन दिवस गॅरेजवर येऊन बसतात. दुसऱ्यांच्या गाड्यांवर पंजा ठेवतात. धाकटा स्कॅनर लावतो, आकडा बघतो आणि मग त्यांच्यासमोर जाऊन, तोंडाकडे बघायला लावून, अम्मी सांगते तसं सांगतो. वेळ लागतो. गिऱ्हाईक कधी कधी घड्याळ बघतात.

परवा कोल्हापूरला गेलो, तिघेही. येताना पेट्रोल भरलं. अब्बांनी मागच्या सीटवरून विचारलं, ‘‘क्या देरई?’’

धाकट्यानं आरशातून चार बोटं दाखवली, आधी एक दाखवून. चौदा.

‘‘पैले अठारा देती थी,’’ अब्बा म्हणाले, आणि खिडकीची काच खाली करून बाहेर ऊस बघत बसले.